जुना संगणक : काय ठेवावें, काय बदलावें



घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं दोन टोकांचीं मतें कानांवर येतात. तरुण मंडळी म्हणतात, 'ही काढून टाका आणि नवी आणा.' वडीलधारीं माणसें म्हणतात, 'चालते आहे ना? मग चालूं द्या.' या वादांत एक तिसरा मार्ग पूर्वींपासून आहे, आणि तो कारागिराचा. कारागीर वस्तु उघडून पाहतो, कोणता भाग झिजला व कोणता अद्याप धडधाकट आहे हें ठरवितो, आणि झिजला असेल तेवढाच भाग बदलतो. सायकल, शिवणयंत्र, विहिरीवरील पंप यांच्या बाबतींत हा मार्ग आपल्याकडे सर्वांच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु घरांतील संगणकाच्या बाबतींत मात्र त्याचा विसर पडतो. या यंत्राचें पोट उघडण्याची भीति वाटते, आणि ज्याला भीति वाटते त्याला दुकानदार सांगेल ती किंमत मोजावी लागते.

अशी एक घरगुती परिस्थिति कल्पनेंत आणावी. सातारा-सांगलीसारख्या एखाद्या गांवीं मध्यम स्थितीच्या एका कुटुंबानें २०१८ सालीं मुलांसाठीं एक संगणक जुळवून घेतला. त्यांत त्या वेळचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर, बी ३५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीची रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०६० हें ६ जीबीचें ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि ५०० वॅटचा एसएमपीएस असें साहित्य होतें. थोरला मुलगा त्यावर खेळ खेळे. धाकटी बहीण आतां बारावीचा अभ्यास त्याच यंत्रावर करते. यंत्र सुरू व्हावयास कित्येक मिनिटें लागतात. नवे खेळ अडखळतात, कांहीं तर उघडतच नाहींत. त्यांत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टनें बंद केला, आणि विंडोज ११ घालूं गेल्यास 'हा प्रोसेसर चालणार नाहीं' असा निरोप पडद्यावर येतो. मुलगा नव्या यंत्राची यादी करून वडिलांपुढें ठेवतो. तेवढे पैसे काढावयाचे म्हणजे मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेला हात लावावयाचा. वडील गप्प बसतात. मुलगा रुसतो. प्रश्न वरवर खेळाचा दिसला तरी खरा प्रश्न घरच्या पुंजीचा आहे.

या घराला काय सांगावें? पहिली गोष्ट ही, कीं असा संगणक म्हणजे एक अखंड वस्तु नव्हे. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक विकावयास काढला, तेव्हांच त्याच्या पोटांत नवीं कार्डें बसविण्यासाठीं पांच मोकळ्या खांचा ठेवल्या होत्या. पुढें या जातीच्या यंत्रांची जी वंशावळ वाढली तिनें हा गुण सोडला नाहीं. मदरबोर्ड हें जोतें. त्यावर बाकीचे भाग बसतात आणि निघतात. म्हणून 'यंत्र जुनें झालें' हें वाक्यच अपुरें आहे. कोणता भाग जुना झाला, असें विचारलें पाहिजे.

त्यासाठीं यंत्राचें काम कसें चालतें हें थोडें समजून घ्यावें. लग्नघरच्या स्वयंपाकघरांत एक बाई पोळ्या लाटते व दुसरी तव्यावर भाजते. लाटणारी मागें पडली तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी मागें पडली तर लाटलेल्या पोळ्यांची चळत साचते. अशा वेळीं तवा मोठा आणून लाटणारीचा वेग वाढत नाहीं. खेळाच्या संगणकांत प्रोसेसर लाटतो आणि ग्राफिक्स कार्ड भाजतें. खेळांतील पात्रें कोठें उभीं आहेत, कोण कोणास धडकलें, याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील तर प्रत्येक चित्राला सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद एवढाच अवधि मिळतो. दोघांपैकीं जो या अवधींत काम उरकत नाहीं तो सगळ्या पंगतीला खोळंबून ठेवतो.

खोळंबा कोणामुळें होतो हें शोधण्यास पैसा लागत नाहीं. खेळ चालू असतां चित्राचा आकार व बारकावा कमी करून पाहावा. तसें करतांच चित्रांचा वेग स्पष्टपणें वाढला, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. आकार कमी करूनही वेग जागचा हलला नाहीं, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम मागें पडत आहे. ही परीक्षा घेतांना खेळांतील वेगमर्यादा काढून ठेवावी, नाहीं तर निष्कर्ष चुकेल. 'टास्क मॅनेजर' उघडून ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामांत गुंतलें आहे हेंही पाहावें. तें सतत शंभरीच्या आसपास असेल तर तेंच दमलें आहे; साठ-सत्तरावर रेंगाळत असेल तर त्याला पुरेसें काम मिळत नाहीं.

आतां खर्चाच्या क्रमानें पाहूं. पहिलें पाऊल फुकटाचें आहे. सात-आठ वर्षें वापरलेल्या कॅबिनेटांत धुळीचा थर बसतो, पंखे गुदमरतात, तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी व प्रोसेसरवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. पेस्टची लहानशी नळी हा काय तो खर्च. दुसरें फुकटाचें काम रॅमच्या गतीचें. पट्टीवर ३००० किंवा ३२०० असा आंकडा छापलेला असला तरी बायोसमध्यें 'एक्सएमपी' किंवा 'डीओसीपी' नांवाची सोय चालू केल्याखेरीज ती बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालते. अनेक घरांत विकत घेतलेला वेग वर्षानुवर्षें न वापरतां पडून असतो.

पैसे घालावयाचे ते प्रथम हार्ड डिस्कच्या जागीं घालावे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ जातो, आणि सुईचा दांडा सरकण्यास लागणारा वेळ त्याहून निराळा. एसएसडीमध्यें फिरणारें कांहींच नसल्यामुळें हा विलंब जवळजवळ नाहींसा होतो. साटा जातीची एसएसडी सेकंदाला सुमारें ५५० एमबी मजकूर वाचते; एम.२ खांचेंत बसणारी एनव्हीएमई जातीची याच्या कितीतरी पट वाचते. बी ३५० मदरबोर्डावर बहुधा एम.२ खांच असते. मात्र ती कोणत्या जातीची डिस्क घेते हें माहितीपुस्तकांत पाहून मगच खरेदी करावी. स्टारफील्डसारख्या २०२३ मधील खेळानें तर एसएसडी आवश्यक म्हणूनच सांगितली. जुनी डिस्क फेकावयाची नाहीं. घरचीं छायाचित्रें व जुना मजकूर ठेवण्यास ती उपयोगी पडते. बारावीच्या मुलीचें यंत्र मिनिटाच्या आंत सुरू होऊं लागलें, म्हणजे घरांतील अर्धी कुरकुर येथेंच थांबेल.

नंतर रॅम. ८ जीबी आज अपुरी पडते, आणि ती एकाच पट्टींत असेल तर तोटा दुहेरी होतो. मदरबोर्डापासून प्रोसेसरकडे जाणारे रस्ते दोन असतात. एकच पट्टी असल्यास एक रस्ता ओस राहतो. तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी घालून १६ जीबी करणें हितावह. चार खांचांच्या मदरबोर्डावर या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत घालण्याची रीत आहे. येथें भावाचा विचार महत्त्वाचा. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनीं स्मृतिपट्ट्यांची प्रचंड मागणी केल्यामुळें जगभर रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉन कंपनीनें डिसेंबर २०२५ मध्यें आपला 'क्रूशल' हा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय सोडत असल्याचें जाहीर केलें. म्हणून यंत्रांत असलेली डीडीआर४ पट्टी कवडीमोल समजूं नये. दुसरी पट्टी वापरलेली मिळाली तरी चालते, कारण रॅममध्यें झिजणारें कांहीं नसतें. घरीं आणल्यावर मेमटेस्टसारख्या तपासणींतून ती एक रात्र चालवून पाहिली म्हणजे खोट असल्यास कळून येते.

आतां मुख्य प्रश्न प्रोसेसरचा. या बाबतींत त्या कुटुंबाचें नशीब चांगलें आहे. ए.एम.डी. कंपनीनें एएम४ नांवाची जी बैठक काढली, तिच्यावर २०१७ मध्यें पहिल्या पिढीचे रायझन बसले, आणि मार्च २०२२ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, त्या पहिल्या ३०० मालिकेच्या मदरबोर्डांनाही बायोस बदलून रायझन ५००० मालिका चालवितां येईल. एप्रिल २०२२ मध्यें आलेला रायझन ५ ५६०० हा १९९ डॉलर किमतीचा प्रोसेसर त्याच बैठकींत बसतो. १६०० व ५६०० दोघांचींही अंतःकेंद्रें सहाच. दोघांचाही उष्णतेचा आंकडा ६५ वॅट. परंतु जुन्याचा कमाल वेग ३.६ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.४. जुन्याची १६ एमबीची जवळची स्मृति दोन वेगळ्या कप्प्यांत वाटलेली. नव्याची ३२ एमबी आणि ती सहाही केंद्रांना सामाईक. खेळाच्या हिशेबाला ही सामाईक स्मृति फार मानवते. ज्याला आणखी ऐपत आहे त्याच्यासाठीं ९६ एमबी स्मृतीचे ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी हेही याच बैठकीसाठीं निघाले. परंतु साध्या घराला त्यांची गरज नाहीं. शिवाय ५६०० हा विंडोज ११ च्या मान्य यादींत आहे. म्हणजे एकच भाग बदलल्यानें खेळाचा वेग आणि सुरक्षित प्रणाली अशा दोन्ही गोष्टी साधतात, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखा, कॅबिनेट हें सर्व जागच्या जागीं राहतें.

मात्र या कामांत क्रम चुकल्यास हानि होते. जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच बायोस बदलला पाहिजे. आधीं नवा बसविला तर जुन्या बायोसला तो ओळखूं येत नाहीं आणि पडदा काळा राहतो. मदरबोर्डावर छापलेलें नांव व आवृत्ति पाहून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी प्रथम वाचावी. ५६०० हें नांव तेथें नसेल तर पैसे खर्चूं नयेत. कांहीं मदरबोर्डांना मधली एक आवृत्ति घालून मग शेवटची घालावी लागते. बायोस लिहिला जात असतां वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून भारनियमनाच्या गांवीं यूपीएस असल्याखेरीज हें काम हातीं घेऊं नये. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली आधीं कागदावर उतरवून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलल्यावर यंत्र ती मागण्याचा संभव असतो.

प्रोसेसर काढतांनाही एक खुबी आहे. एएम४ जातींत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. वरचा पंखा थंड असतां सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही खांचेंतून उपटून येतो व पिना वांकतात. यासाठीं यंत्र दहा मिनिटें चालवून गरम करावें, मग बंद करून वायर काढावी, आणि पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सैल झाल्यावर उचलावा. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरच्या त्रिकोणी खुणेप्रमाणें ठेवला कीं आपल्याच भारानें खालीं बसतो. तेथें अंगठ्याचा जोर लावणारा माणूस पस्तावतो.

सर्वांचें यंत्र असें सुदैवी नसतें, हेंही सांगितलें पाहिजे. इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक ज्यांच्या घरीं आहे, त्यांची अडचण निराळी. २०१७ च्या ऑक्टोबरांत आठवी पिढी निघाली. तिची बैठक नांवानें तीच, ११५१. तरी जुन्या १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डांवर ती चालत नाहीं. तेथें मदरबोर्ड व प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात. तरीही डीडीआर४ रॅम वांचवितां येते, कारण इंटेलच्या बाराव्या पिढीसाठीं डीडीआर४ घेणारे मदरबोर्डही निघाले आहेत. उलट २०२२ मध्यें आलेली एएम५ बैठक फक्त डीडीआर५ घेते. तेथें गेलें म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम असा तिहेरी खर्च आला. आणि ज्याच्या यंत्रांत डीडीआर३ जातीची रॅम आहे, त्यानें एसएसडीपलीकडे कांहीं घालूं नये. ती एसएसडी पुढें नव्या यंत्रांत नेतां येते.

ग्राफिक्स कार्ड शेवटीं ठेवलें याचें कारण तें सर्वांत महाग. जीटीएक्स १०६० हें २०१६ सालचें कार्ड पुष्कळ वर्षें इमानानें राबलें. परंतु २०२४ च्या डिसेंबरांत निघालेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ प्रकाशकिरणांचें गणित करणारें कार्ड असल्याशिवाय चालत नाहींत, आणि तें गणित करणारी रचना त्या कार्डांत नाहीं. मुलाला असेच खेळ खेळावयाचे असतील तरच कार्ड बदलावें. २०२१ मध्यें आलेलें ८ जीबीचें आरएक्स ६६०० हें या दोन्ही खेळांच्या किमान यादींत आहे. जुनें कार्ड १२० वॅट घेई, हें १३२ घेतें. प्रोसेसरचा आंकडा तोच राहिल्यामुळें चांगल्या स्थितींतला ५०० वॅटचा एसएमपीएस पुरतो. मात्र जुन्या कार्डाला सहा पिनांची वायर लागे, याला आठ पिनांची लागते. ती एसएमपीएसमधून निघते आहे का हें पाहावें. जोडतुकडे लावून निभावून नेणें हें आगीशीं खेळणें होय. एसएमपीएस जर बेनांवी व स्वस्तांतला असेल तर कार्डाच्या आधीं तोच बदलावा, कारण तो बिघडला तर बाकीच्या भागांनाही घेऊन बुडतो.

येथें स्वस्ताचा मोह टाळावा. आरएक्स ६५०० एक्सटी हें कार्ड किमतीनें कमी, पण त्याला मदरबोर्डाशीं जोडणारे मार्ग चारच आहेत. नव्या मदरबोर्डावर ते चौथ्या पिढीच्या वेगानें चालतात. बी ३५० वर तिसऱ्या पिढीचा वेग, म्हणजे निम्माच. तसेंच घरचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असेल तर ४के पडद्यासाठीं घडविलेलें कार्ड घेणें व्यर्थ; त्या पडद्यावर चौपट ठिपके असतात, येथें नसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत वापरलेलीं कार्डें मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्यें इथिरियम हें आभासी चलन कार्डांवर काढण्याची पद्धति बंद पडली आणि अहोरात्र राबविलेलीं पुष्कळ कार्डें जगभर बाजारांत आलीं. असें कार्ड वाईटच असतें असें नाहीं. परंतु विक्रेत्यासमोर अर्धा तास चालवून पंख्यांचा आवाज व पडद्यावरील डाग पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. मूळ बिल व क्रमांक मागावा. हमी उरली असेल तर ती त्याच कागदावर मिळते.

आतां हिशेब जुळवूं. पहिल्या महिन्यांत सफाई व एसएसडी. पुढें सवडीनें रॅमची पट्टी. नंतर प्रोसेसर व विंडोज ११. आणि कार्ड वर्षभरानें, तेंही वरची परीक्षा घेऊन. काढलेला प्रोसेसर व कार्ड विकून आलेले पैसे पुढच्या भागास लावावे. ज्यांना प्रोसेसर घेणें लांबवावयाचें आहे, त्यांच्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चीं वाढीव सुरक्षा-अद्ययावतें नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचें जाहीर केलें. सर्व भागांची बेरीज नव्या यंत्राच्या निम्म्यापलीकडे जाऊं लागली तर मात्र थांबावें व पैसे साठवावे. निकामी झालेले भाग रद्दींत घालूं नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जावयास हवा.

या सर्वांत आणखी एक लाभ आहे, तो बिलांत लिहिलेला नसतो. मुलगा जेव्हां यादी घेऊन वडिलांपुढें उभा राहिला तेव्हां त्याच्या हातांत फक्त मागणी होती. तोच मुलगा खोळंबा कोठें आहे हें मोजून, बायोसची यादी वाचून, 'एवढाच भाग हवा, एवढ्यानें भागेल' असें सांगूं लागला म्हणजे त्या घरांतील बोलण्याचा सूर बदलतो. वडिलांना नाहीं म्हणण्याची पाळी येत नाहीं. मुलीच्या शिक्षणाची रक्कम जागच्या जागीं राहते. आणि एखाद्या रविवारीं सकाळीं स्वयंपाकघरांतल्या टेबलावर तें कॅबिनेट उघडें ठेवून बापलेक शेजारीं बसतात, बहीण स्क्रू वाटींत सांभाळते. यंत्र सुरू झालें म्हणजे त्या घराला कळतें कीं, आपल्याजवळची वस्तु आपण ओळखूं लागलों आहों. जी वस्तु माणसाला उघडून समजली, तिच्यापायीं त्याला सहसा कोणी फसवूं शकत नाहीं.